पाठीमागून पाहिलेले भूत

पोर्सेलिनची नवी मूर्ती हाती आली की तिचा चेहरा पाहण्याआधी मी ती उलटी करते. तिची खरी ओळख तळाशी लिहिलेली असते. तिथे निर्मात्याचा शिक्का असतो, आवृत्ती मर्यादित असेल तर क्रमांक असतो, आणि बहुतेक वेळा एक बारीक भोकही असते. पहिल्यांदा ते भोक दिसले तेव्हा मला तो दोष वाटला होता. पुढे कळले की मूर्ती आतून पोकळ असते आणि भट्टीत तापताना आतल्या हवेला वाट करून दिली नाही, तर ती मूर्ती फोडून आपली वाट काढते. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉल्ट डिस्ने क्लासिक्स कलेक्शन’च्या मूर्तींवर शिक्क्याजवळ त्या त्या वर्षाचे चिन्हही असे, एका वर्षी फूल, एका वर्षी तुतारी, एका वर्षी टोपी. त्यामुळे मूर्ती कोणत्या साली घडली, हे तिच्या तळाकडे पाहून सांगता येते. हे सगळे वाचून झाले की मगच मी ती सरळ करते आणि चेहऱ्याकडे बघते.

माझ्या काचेच्या कपाटात मूर्ती फार नाहीत आणि ज्या आहेत त्या एकाच कुळातल्या आहेत. डिस्नेच्या थीम पार्कमधल्या राइडवरून घडवलेल्या मूर्तीच मी जमवते. चित्रपटांतल्या पात्रांच्या मूर्ती पुष्कळ मिळतात, त्यांतल्या काही फार सुंदरही असतात, पण त्या मी घेत नाही. मला ओढ आहे ती अशा पात्रांची, ज्यांचा जन्मच मुळी राइडसाठी झाला. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मधली गाणारी मुले, ‘हाँटेड मॅन्शन’च्या शेवटी अंगठा दाखवून उभी असलेली तीन भुते, ‘टिकी रूम’मधला बोलका पोपट आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मधले समुद्री चाचे ही पात्रे आधी कुठल्याही पडद्यावर नव्हती. तुम्ही नावेत किंवा डब्यात बसून त्यांच्यासमोरून काही क्षण सरकता, तेवढेच त्यांचे आयुष्य. त्यांना आदि नाही, अंत नाही. असते ती एक मुद्रा, एक हालचाल आणि मग पुढचे वळण.

राइडमध्ये आपण कुठे पाहायचे हे आपण ठरवत नाही, ही गोष्ट मला पहिल्या भेटीत जाणवलीच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम इथल्या डिस्नेलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी ‘हाँटेड मॅन्शन’ सुरू झाले. तिथले काळे डबे एका अखंड साखळीसारखे चालतात आणि चालता चालता गोल वळतात. डबा डावीकडे वळला की तुम्हाला डावीकडचेच दिसते. त्याच्या उंच पाठीमुळे मागचे काही दिसत नाही आणि शेजारच्या डब्यातले लोकही दिसत नाहीत. कॅमेरा जसा प्रेक्षकाची नजर हाती धरून नेतो, तसे हे डबे नेतात. त्यामुळे तिथली प्रत्येक आकृती एका ठरलेल्या बाजूने, ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या अंधारात पाहण्यासाठी घडवलेली आहे. मी तिथून बाहेर आले तेव्हा मनात खूप काही होते, पण नेमके काय पाहिले असे कोणी विचारले असते तर धड एकाही चेहऱ्याचे वर्णन मला करता आले नसते. मूर्ती जमवण्याची सुरुवात त्या हुरहुरीतून झाली. जे डोळ्यांसमोरून निसटले, ते एकदा तरी थांबवून पाहावे असे वाटत होते.

पण त्या आकृती मुळात कशा घडल्या, हे वाचत गेले तसे माझे हे समजणे अपुरे ठरले. मी मूर्तीला राइडची आठवण मानत होते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. मार्क डेव्हिस हे डिस्नेचे मुरलेले अ‍ॅनिमेटर. चाच्यांच्या आणि भुतांच्या कितीतरी मुद्रा त्यांनी कागदावर रेखाटल्या. त्या रेखाटनांवरून ब्लेन गिब्सन यांनी लहान मूर्ती घडवल्या. गिब्सनही आधी अ‍ॅनिमेशन विभागातच होते आणि फावल्या वेळात शिल्पकला शिकत होते. चेहऱ्यांसाठी ते भोवतालच्या माणसांकडे टक लावून पाहत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांच्या हातून उतरलेली छोटी मूर्ती पसंत पडली की तिच्यावरून माणसाच्या उंचीची आकृती घडे, मग तिच्या पोटात यंत्रे बसत, वर त्वचा चढे, कपडे चढत आणि शेवटी ती अंधाऱ्या दालनात आपल्या जागी उभी राहत असे. म्हणजे हातात मावणारी, स्थिर, सगळ्या बाजूंनी पाहता येणारी मूर्ती ही त्या पात्राची पहिली अवस्था होती. हलणे, बोलणे आणि अंधार हे सारे नंतर आले. कपाटातले पोर्सेलिनचे भूत त्यामुळे मला राइडची खूण वाटत नाही. ते पात्र फिरून आपल्या पहिल्या मापाला परत आले आहे असे वाटते.

ही जाणीव झाल्यावर मी मूर्ती निवडू लागले ती वेगळ्या नजरेने. आता मी पाहते ती पाठ. राइडमधल्या आकृतीची पाठ प्रवाशाला दिसत नाही, म्हणून तिथे काय आहे याला महत्त्व नसते. मूर्ती घडवणाऱ्याला मात्र पाठ टाळता येत नाही. कोटाच्या मागच्या चुण्या कशा पडतील, खांदा उचलला तर पाठीवर कापड कुठे ताणले जाईल, वाकलेल्या मानेमागे केस कसे सुटतील, हे सगळे त्याला नव्याने ठरवावे लागते. चांगल्या आणि सुमार मूर्तीतला फरक मला इथे सापडतो. सुमार मूर्ती समोरून हुबेहूब असते आणि मागून नुसती रंगवलेली असते. चांगल्या मूर्तीकडे पाठीमागून पाहिले तरी ती कोण आहे आणि या क्षणी तिच्या मनात काय चालले आहे, ते कळते.

‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’मधल्या मुलांबाबत ही कसोटी फारच कठीण होते. ही राइड मुळात १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली. पेप्सी-कोला तिची प्रायोजक होती आणि ती युनिसेफच्या मदतीसाठी होती. हाती वर्षभराचाही अवधी नव्हता. प्रदर्शन संपल्यावर ती डिस्नेलँडमध्ये आली आणि २८ मे १९६६ रोजी तिथे सुरू झाली. तिचे रंग आणि तिचे रूप चित्रकार मेरी ब्लेअर यांचे. त्या कागदाचे आणि सेलोफेनचे तुकडे कापून, चिकटवून कल्पनाचित्रे करत. म्हणून त्या जगात वस्तूंना खोली कमी आणि रंगांना जोर जास्त आहे. गुलाबीच्या शेजारी नारिंगी ठेवण्याचे धाडस त्यांनी केले आणि ते इतके सहज वठले की आज त्यात धाडस होते हेही ध्यानात येत नाही. मुलांचे कपडे अ‍ॅलिस डेव्हिस यांनी तयार केले. चेहरा गिब्सन यांनी घडवला, आणि त्याचा आकार सगळ्या मुलांसाठी एकच ठेवला. कातडीचा रंग, केस आणि पोशाख बदलतात; गाल, नाक आणि हनुवटी बदलत नाहीत. राइडचे सगळे म्हणणे त्या एका चेहऱ्यात आहे. ते शब्दांत सांगितले असते तर भाबडे वाटले असते. शेकडो चेहऱ्यांचा आकार एकच आहे हे नावेतून जाताना कोणी मोजत नाही, पण ते मनात झिरपते.

आता हा चेहरा पोर्सेलिनमध्ये आणायचा म्हणजे काय होते ते पाहा. मूळ बाहुलीचा पोशाख कापडाचा आहे, खरी झालर आहे, खरी बटणे आहेत. चेहरा साधा आणि पोशाख गजबजलेला, असा तो तोल आहे. पोर्सेलिनमध्ये चेहरा आणि पोशाख एकाच मातीचे होतात. घडवणारा झालर कोरतो, चुण्या कोरतो, पण जड हाताने कोरले तर मूल दगडाच्या झग्यात उभे असल्यासारखे दिसते. जुन्या जर्मन कारागिरांनी यावर एक विलक्षण तोड काढली होती. ते खरी लेस पोर्सेलिनच्या पातळ काल्यात बुडवून मूर्तीवर बसवत. भट्टीत सूत जळून जाई आणि त्याच्या जागी मातीची लेस उरे, इतकी नाजूक की नखाने तुटावी. माझ्याकडच्या मुलांच्या झग्यांवर तसली लेस नाही. तिथे चुण्या उथळ कोरल्या आहेत आणि बाकीचे काम रंगावर सोपवले आहे, आणि मेरी ब्लेअर यांच्या सपाट रंगांच्या जगाला तेच शोभते असे माझे मत आहे. माझी तक्रार आहे ती झिलईबद्दल. झिलई चढली की प्रत्येक गालावर प्रकाशाचा एक ठिपका पडतो. मूळ चेहऱ्यावर तो ठिपका नव्हता, म्हणून तो चेहरा सर्वांचा होता. ठिपका पडला की ते एक विशिष्ट मूल होते, एका विशिष्ट खोलीतल्या एका विशिष्ट दिव्याखाली बसलेले. या मुलांच्या बाबतीत मला झिलई नसलेले, ज्याला ‘बिस्किट’ म्हणतात ते फिके, मऊ दिसणारे पोर्सेलिन अधिक बरे वाटले असते. भुतांना मात्र झिलई मानवते.

आपल्या भाषेतला ‘चिनी माती’ हा शब्द या बाबतीत थोडा फसवा आहे. कपबशी, बरणी, फरशी आणि ही मूर्ती या सगळ्यांना आपण एकच नाव देतो. प्रत्यक्षात साध्या भाजलेल्या मातीचे भांडे सच्छिद्र असते आणि झिलई निघाली की पाणी पिते. पोर्सेलिन भट्टीत साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सियसला इतके आवळून येते की ते काचेच्या जवळ जाते, पातळ ठेवले तर पलीकडचा उजेड दिसतो आणि टिचकी मारली तर स्पष्ट नाद येतो. कॅलिफोर्नियातल्या हेगन-रेनेकर या कारखान्याने १९५० च्या दशकात डिस्नेच्या पात्रांच्या बोटभर उंचीच्या, अतिशय देखण्या मूर्ती केल्या. संग्राहक त्यांना पोर्सेलिनच्या शेजारी मांडतात आणि मीही त्यांच्यावर जीव टाकते, पण त्यांचा नाद वेगळा आहे.

युरोपला हे पोर्सेलिन बनवता येत नव्हते तोवर चीनमधून येणाऱ्या भांड्यांसाठी राजेलोक वेडे झाले होते. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने योहान फ्रीड्रिश बटगर या तरुणाला सोने बनवून देण्यासाठी डांबून ठेवले होते. सोने कधीच झाले नाही, पण चिर्नहाउस या विद्वानाच्या सोबतीने १७०८ च्या सुमारास त्याला पोर्सेलिन साधले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. तिथे १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार आला आणि मूर्तींचे युग सुरू झाले. त्याआधी मेजवानीच्या मेजावर साखरेच्या मूर्ती मांडत. त्यांची जागा पोर्सेलिनने घेतली. आणि केंडलरने कशाच्या मूर्ती केल्या? इटालियन विनोदी नाट्यातल्या हार्लेक्विनच्या, त्याच्या सोबत्यांच्या. रंगमंचावर उड्या मारणारा, तोंड वेंगाडणारा, क्षणात नाहीसा होणारा तो विदूषक त्याने एका उडीच्या मध्यावर पकडला आणि भट्टीत घातला.

मला हे कळले तेव्हा माझ्या छोट्या कपाटाला एकदम मोठा वंश लाभल्यासारखे वाटले. पोर्सेलिनची मूर्ती युरोपात जन्मली तेव्हापासूनच ती करमणुकीच्या क्षणाला धरून ठेवण्याच्या कामाला लागली होती. आणखी एक दुवा आहे. कोपनहेगनमध्ये १८४३ साली उघडलेल्या तिवोली या उद्यानात मूकनाट्याचे एक रंगमंदिर आहे. १८७४ मध्ये बांधलेल्या त्या मंदिराचा पडदा म्हणजे मोराचा पिसारा आहे आणि तिथे आजही तोच हार्लेक्विन येतो. वॉल्ट डिस्ने १९५१ मध्ये तिवोली पाहून आले, तिथली स्वच्छता आणि प्रसन्नता त्यांना फार भावली, आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. माइसेनचा हार्लेक्विन आणि अ‍ॅनाहाइमचे भूत यांच्यामध्ये ते मोरपिसाऱ्याचे रंगमंदिर उभे आहे, असे मी मनाशी धरून चालते.

त्या तीन भुतांकडे मी मुद्दामच उशिरा येते आहे, कारण त्यांच्याशी माझे नाते थोडे दुखरे आहे. ‘हाँटेड मॅन्शन’च्या शेवटी ती रस्त्याकडेला उभी असतात, एक ठेंगू, दाढीवाला, पायात बेडी आणि लोखंडी गोळा, एक उंच, हाडकुळा, एक हातात प्रवासी पिशवी धरलेला. तिघांनी फुकट सवारी मागायला अंगठा पुढे केलेला असतो. त्यानंतर डबा आरशांसमोरून जातो आणि आरशात दिसते की त्यांतले एक तुमच्याच डब्यात येऊन बसले आहे. यातले एक भूत तुमच्यासोबत घरी येईल, अशी ताकीद तिथे दिली जाते. मी घरी आणले ते तिघांनाही.

पोर्सेलिनमध्ये पुढे काढलेला अंगठा ही घडवणाऱ्याची परीक्षा असते. मूळ नमुना कापून त्याचे अनेक तुकडे करावे लागतात, कारण हात, डोके, टोपी हे सगळे एका साच्यातून निघत नाही. प्रत्येक तुकड्यासाठी प्लास्टरचा वेगळा साचा असतो. त्यात पोर्सेलिनचा पातळ काला ओततात, प्लास्टर पाणी शोषून घेते आणि भिंतीला मातीचा थर धरतो, उरलेला काला ओतून टाकतात. मग ते ओलसर तुकडे त्याच काल्याने जोडतात, सांधे पुसतात, वाळवतात. भट्टीत मूर्ती साधारण सातव्या हिश्श्याने आकसते आणि त्या उष्णतेत काही काळ ती मऊ पडते. आधाराशिवाय पुढे आलेला हात स्वतःच्याच भाराने खाली झुकतो. म्हणून त्याखाली त्याच मातीचे टेकू लावतात, म्हणजे ते मूर्तीबरोबरच आकसतात. इतके सगळे पार पडून तो अंगठा ताठ राहिला, वर झिलई चढली, रंग चढले, पुन्हा कमी आचेवर भाजून ते रंग पक्के झाले, आणि मग खोक्यात बंद होऊन तो माझ्याकडे निघाला.

खोके उघडले तेव्हा उंच भुताचा अंगठा कागदाच्या कपट्यांत वेगळा पडलेला होता. दोष बांधणाऱ्याचा होता की आणणाऱ्याचा, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला, आणि त्यातून काही निघाले नाही. मोडलेल्या जागी पोर्सेलिन कसे दिसते ते मात्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वरचा राखाडी-निळा रंग कागदापेक्षाही पातळ होता आणि आत शुभ्र, साखरेच्या खड्यासारखे चमकणारे अंग होते. भुताच्या आत इतका पांढरा उजेड असेल असे मला वाटले नव्हते. जोडकाम करणाऱ्या एका जाणत्या बाईंकडे मी तो घेऊन गेले. त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे सांधा भरून, वर रंग देऊन तो अदृश्य करायचा. मग तो अतिनील दिव्याखाली तेवढा दिसला असता, कारण नवा रंग त्या प्रकाशात जुन्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. दुसरा म्हणजे नुसता जोडायचा आणि रेघ राहू द्यायची. मी रेघ राहू दिली. विकायची वेळ आली तर या रेघेमुळे मूर्तीचे मोल बरेच उतरेल, हे मला ठाऊक आहे. पण झालेली गोष्ट झाली नाही असे भासवणे मला त्या भुताशी अप्रामाणिकपणाचे वाटले.

याच राइडमधल्या नृत्यदालनाची भुते पोर्सेलिनमध्ये पाहताना एक वेगळीच गंमत कळते. प्रवाशांना ती पारदर्शक दिसतात, कारण मुळात ती त्या जागी नसतातच. जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनला दाखवलेली युक्ती तिथे वापरली आहे: आकृती प्रवाशांच्या नजरेआड ठेवल्या आहेत, त्यांच्यावर प्रकाश पडतो, आणि मध्ये उभ्या केलेल्या प्रचंड काचेत त्यांचे प्रतिबिंब दालनात तरंगताना दिसते. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटते, त्यामुळे जोडप्यांच्या नाचात स्त्रियाच पुरुषांना नाचवत आहेत असे दिसते. आजवर कोट्यवधी लोकांनी ही जोडपी पाहिली आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ कोणीही ती खरी पाहिलेली नाहीत. नाचणाऱ्या त्या जोडप्याची मूर्ती हातात घेते तेव्हा तिचे वजन जाणवून मी दर वेळी थोडी थबकते. जे नुसते काचेवरचे तेज होते त्याला इथे भार आहे, त्याची सावली पडते.

‘टिकी रूम’चा पोपट याच्या अगदी उलट आहे. २३ जून १९६३ रोजी उघडलेल्या त्या दालनात यंत्रावर चालणारे पक्षी, फुले आणि कोरीव मुखवटे गातात, आणि त्या पक्ष्यांचे खरेपण होते ते त्यांच्या श्वासात. हे पक्षी घडवणाऱ्या हॅरिएट बर्न्स यांच्यासमोर प्रश्न होता की छाती वरखाली झाली की पिसे ताणून सुटत होती. त्यांनी वॉल्ट डिस्ने यांच्या काश्मिरी लोकरीच्या स्वेटरचे कोपर हालचालीबरोबर कसे लवचीकपणे वळते ते पाहिले, आणि तशाच विणीचे कापड पक्ष्यांच्या छातीवर चढवले. ही गोष्ट वाचल्यापासून मला पोर्सेलिनच्या पोपटात ते कोपरच दिसते. त्याचे रंग सुरेख आहेत, चोचीचा बाक अचूक आहे, पण श्वास भट्टीत जात नाही. प्रत्येक पात्र पोर्सेलिनमध्ये येऊ शकत नाही, आणि हा पोपट मी कपाटातून काढला नाही तो एवढ्यासाठीच, की त्याच्यात काय नाही ते पाहून मला मूळ दालन अधिक समजते. चावी दिली की गाणाऱ्या आणि फिरणाऱ्या मूर्ती मात्र मी टाळते. त्या राइडची नक्कल करू पाहतात आणि त्या नादात स्थिरतेने मिळणारे सगळे गमावून बसतात.

मूर्ती बदलत नाहीत आणि राइड बदलतात, हेही हळूहळू ध्यानात आले. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ १८ मार्च १९६७ रोजी सुरू झाली तेव्हा तिच्यात एक लिलावाचा प्रसंग होता. बंदी केलेल्या स्त्रिया बायको म्हणून विकल्या जात आणि तांबड्या केसांची एक ठसकेबाज स्त्री रांगेत पुढे उभी होती. २०१८ मध्ये हा प्रसंग बदलला. आता ती स्त्री स्वतःच चाचा आहे आणि लिलाव लुटीच्या मालाचा होतो. हा बदल योग्यच झाला असे मला मनापासून वाटते. लहान मुलांनी ज्या प्रसंगावर हसत पुढे जावे असा तो नव्हता. माझ्याकडे मूर्ती आहे ती जुन्या रूपातली. ती काढून टाकावी का, असा प्रश्न मला पडला होता. मग एकदा तिच्याकडे नीट पाहिले: लाल झगा, कमरेवर हात, आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. भोवतालचे चाचे, दोर, पाट्या आणि आरडाओरडा नाहीसा झाल्यावर उरली ती फक्त तिची उभे राहण्याची ढब. ती ढब पाहून तिला पुढे काय करावे हे कुणालाही सुचले असते. मूर्ती कपाटातच आहे.

‘हाँटेड मॅन्शन’मधल्याच ‘हॅटबॉक्स घोस्ट’ या भुताची गोष्ट याहूनही चमत्कारिक. एका हातात काठी, दुसऱ्या हातात टोपीचा डबा. खांद्यावरचे डोके नाहीसे व्हायचे आणि डब्यात उमटायचे, अशी ती योजना होती. पण १९६९ मध्ये राइड सुरू झाल्यावर ते भूत डब्यांच्या इतके जवळ होते की डोके पुरते नाहीसे होत नसे, आणि ते लवकरच काढून टाकले गेले. पुढची पंचेचाळीस वर्षे ते भूत कुठेच नव्हते. होती ती काही छायाचित्रे, रेखाटने आणि लोकांच्या सांगण्यातून चालत आलेली कीर्ती. त्याच्या प्रतिकृती मात्र घडत राहिल्या. २०१५ मध्ये ते नव्या तंत्राने परत आले. ज्या काळात मूळ पात्रच अस्तित्वात नव्हते त्या काळात त्याला जपले ते संग्राहकांनी, आणि या छंदाला नुसती खरेदी समजणाऱ्या माणसांना मी ही हकिगत आवर्जून सांगते.

कपाट मी महिन्यातून एकदा आवरते. मूर्ती पाण्यात बुडवायच्या नसतात. तळाच्या भोकातून पाणी आत गेले तर ते महिनोन्महिने निघत नाही आणि जिथे रंग भट्टीनंतर वरून दिलेला असतो तिथे तो सैल होतो. म्हणून मऊ केसांचा रंगाचा कुंचला घ्यायचा, मूर्ती कमरेपाशी धरायची, पुढे आलेल्या हाताला कधीही धरायचे नाही, आणि धूळ वरून खाली आणायची. हातातली अंगठी काढून ठेवायची, कारण अंगठी लागूनही टवके उडतात. उचलताना खाली दुसरा हात असावाच.

सुरुवातीला मी मूर्ती राइडच्या क्रमाने, सगळ्यांची तोंडे समोर करून मांडत असे. नंतर कपाटाच्या मागच्या फळीवर आरसा लावून घेतला, तो मूर्तींच्या पाठी दिसाव्यात म्हणून. तीन भुते मी मधल्या खणात, आरशापासून वीतभर पुढे ठेवली आहेत. मागच्या आठवड्यात धूळ झटकत असताना दिवे गेले होते आणि मी बॅटरी खणाच्या कडेला आडवी ठेवून काम करत होते. ठेंगू भुताच्या बेडीतली धूळ निघेना म्हणून मी वाकून जवळ गेले. आरशात तिघांच्या पाठी होत्या, कोटाच्या चुण्या, उचललेले खांदे, हाडकुळ्याच्या अंगठ्यावरची ती बारीक रेघही उजेडात दिसत होती, आणि त्यांच्या मधोमध, त्यांच्याकडे तोंड करून, माझा चेहरा होता. कुंचला हातातच राहिला. मग मी बेडीची कडी एकेक करून पुसली आणि खण बंद केला.